सीमेपारची युनियन

२३ डिसेंबर २०२४ रोजी जगभरच्या व्यापारी जहाजांना लागू असलेल्या सागरी कामगार करारात एक दुरुस्ती अमलात आली. खलाशांसाठी जहाजावर ज्या सोयी ठेवाव्या लागतात, त्यांत आता बाहेरच्या माणसांशी संपर्क साधण्याची सोयही मोजली जाते. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांत इंटरनेटचं नाव घेऊन म्हटलं आहे की जहाजमालकानं ते शक्य असेल तितकं पुरवावं आणि पैसे लावायचेच असतील तर वाजवी लावावेत. मे २०२२ मध्ये जिनिव्हात मालक, कामगार आणि सरकारं यांच्या त्रिपक्षीय समितीत ही दुरुस्ती ठरली. कामगार पक्षाला याहून कडक कलम हवं होतं. हाती आलं ते अर्धंमुर्धं, पण आलं.

इंटरनेटसाठी युनियननी एवढी घासाघीस का केली? एक कारण उघड आहे. कोविडच्या काळात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते आणि घरच्यांचा आवाज ऐकायला महाग झाले होते. दुसरं कारण युनियनच्या पोटापाण्याचं आहे. जहाजाचा मालक ग्रीसमध्ये, झेंडा पनामाचा, भरती करणारी एजन्सी मुंबईत आणि खलाशी रत्नागिरीचा, गोव्याचा किंवा फिलिपिन्सचा. यांची गेट मीटिंग घ्यायची कुठे? लंडनमध्ये मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, १८९६ पासून या प्रश्नाशी झगडतो आहे. आता त्याच्या संकेतस्थळावर जहाजाचा सात आकडी क्रमांक टाकला की त्या जहाजावर महासंघाला मान्य असलेला करार आहे की नाही, ते कळतं. २०२४ या एका वर्षात मालकांनी तीनशेहून अधिक जहाजं खलाशांसकट वाऱ्यावर सोडली, असं आयटीएफची नोंद सांगते. त्यांवर अडकलेल्या तीन हजारांहून अधिक खलाशांत सर्वांत जास्त भारतीय होते. अशा वेळी खिशातला मोबाइल आणि त्याला मिळणारा सिग्नल, एवढीच युनियन.

ही माहिती पूर्वी मिळत नव्हती असं नाही. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाचे कूड होते, काही अजून आहेत. बोटीची वाट पाहणारे गोवेकर तिथे उतरायचे. कुठली कंपनी पगार वेळेवर देते, कुठला दलाल नाडतो, हे तिथल्या बाकांवर बसून कळायचं. पण ते कळायला मुंबईत असावं लागायचं.

सीमेपारची एकजूट इंटरनेटनंच जन्माला घातली, असा समज करून घ्यायचं कारण नाही. मुंबईला तर मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. श्रम संघटनेच्या परिषदेला जाणारा प्रतिनिधी कोण ठरवणार, हा प्रश्न या स्थापनेमागच्या कारणांपैकी एक होता. १९२८ साली मुंबईतल्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. त्या संपाला रशियातल्या कापड कामगारांकडून पैसे आले, त्यावरून इंग्रज सरकारनं काहूर माजवलं. त्याच काळात बेन ब्रॅडली आणि फिलिप स्प्रॅट हे दोन इंग्रज मुंबईतल्या कामगार चळवळीत वावरत होते. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर वगैरे कामगार पुढाऱ्यांबरोबर त्यांनाही मीरत कटाच्या खटल्यात पकडण्यात आलं.

मग नवीन काय? त्या सगळ्या व्यवहारात पत्र पुढाऱ्याकडून पुढाऱ्याकडे जात होतं. बोटीला तीन आठवडे लागत, तार महाग पडे आणि इंग्रजी लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. लालबागच्या साचेवाल्याला मँचेस्टरच्या साचेवाल्याशी थेट बोलायची सोय नव्हती. इंटरनेटकडून अपेक्षा होती ती हे बदलण्याची. गेल्या चाळीस वर्षांत ते कितपत बदललं, या आढाव्याचा खरा प्रश्न तोच आहे.

युनियननी संगणक वापरावा, ही कल्पना इंटरनेट सर्वांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची. चार्ल्स लेव्हिन्सन हे जिनिव्हातल्या रासायनिक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस. बहुराष्ट्रीय कंपन्यांची माहिती संगणकात साठवून वाटाघाटींच्या टेबलावर वापरता येईल, असं त्यांनी १९७२ सालच्या पुस्तकात मांडलं. १९८० च्या दशकात कॅनडातल्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या युनियननं मार्क बेलांजे यांच्या पुढाकारानं ‘सॉलिनेट’ नावाचं स्वतःचं संगणक जाळं उभं केलं. टेलिफोनच्या तारेवरून अक्षरं सरकत येत आणि त्यावर सभासदांच्या चर्चा, अभ्यासवर्गही चालत. हेच बेलांजे पुढे इटलीतल्या तुरीन शहरात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रशिक्षण केंद्रात गेले आणि तिथे कामगार संघटनांसाठी दूरशिक्षणाची घडी त्यांनी बसवली.

मुंबईतही त्याच सुमारास सीमेपारची गरज वेगळ्या वाटेनं पुढे आली होती. शिवडीच्या हिंदुस्थान लीव्हरच्या कारखान्यात १९८८-८९ मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा कामगारांनी स्वतः धुण्याची पावडर बनवून विकली आणि तिला नाव दिलं ‘लॉकआउट’. टाळेबंदीला मुंबईच्या कामगार चळवळीनं दिलेलं हे सर्वांत मिश्कील उत्तर म्हणावं लागेल. पण मूळ कंपनी लंडनमध्ये असताना शिवडीत किती ताणायचं? २००६ साली याच कारखान्याच्या प्रश्नावर अन्न कामगारांच्या जिनिव्हातल्या महासंघानं, आययूएफनं, ब्रिटिश सरकारच्या संपर्क केंद्राकडे तक्रार नेली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशात कसं वागावं, याची श्रीमंत देशांनी ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तक्रारीला आधार त्यांचा होता. अशी तक्रार करायची तर शिवडीतली तारीखवार कागदपत्रं जिनिव्हात पोचावी लागतात आणि तिथले प्रश्न परत शिवडीत. ही ने-आण पूर्वी महिन्यांची होती, ती दिवसांवर आली. कंपनीच्या माहितीचं जे स्वप्न लेव्हिन्सन यांनी पाहिलं होतं, ते मात्र वेगळ्याच ठिकाणी थोडंफार खरं झालं. नेदरलँड्समध्ये २००० साली सुरू झालेला ‘वेजइंडिकेटर’ हा उपक्रम देशोदेशींचे पगार आणि सामूहिक करार गोळा करून खुले ठेवतो.

इंटरनेटच्या ताकदीची पहिली मोठी कसोटी लिव्हरपूलच्या गोदीत झाली आणि तिचा निकाल अजूनही चर्चेत आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये तिथल्या सुमारे पाचशे गोदी कामगारांना कामावरून काढण्यात आलं. दुसऱ्या कामगारांनी दारावर धरलेली पिकेट लाइन ओलांडायला नकार, हा त्यांचा गुन्हा. ब्रिटनच्या कायद्यात सहानुभूतीच्या संपाला मनाई असल्यानं त्यांच्या अधिकृत युनियननं हात आखडता घेतला. मग कामगारांनी स्वतःच जगभरच्या गोद्यांशी संधान बांधलं. काही जण विमानानं गेले, बाकीचं काम ‘लेबरनेट’ या संकेतस्थळानं केलं. २० जानेवारी १९९७ ला वीसहून अधिक देशांतल्या बंदरांत त्यांच्या पाठिंब्यासाठी काही ना काही कृती झाली. त्याच वर्षी ‘नेपच्यून जेड’ नावाचं जहाज माल घेऊन कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला गेलं, तर तिथल्या कामगारांनी ते रिकामं करायला नकार दिला. जहाज व्हँकुव्हरला वळलं, तिथेही नकार. जपानमध्येही तेच. एका गोदीतला तंटा तीन देशांच्या किनाऱ्यांवर जहाजाच्या मागे धावला, हे त्याआधी क्वचितच घडलं होतं.

तरीही लिव्हरपूलचा लढा हरला. जानेवारी १९९८ मध्ये कामगारांनी पैसे घेऊन तडजोड स्वीकारली. बाहेरची एकजूट जेवढी पक्की होती, तेवढी घरची नव्हती. स्वतःच्या युनियनचं बळ मागे नसताना जगाचा पाठिंबा लढा लांबवू शकतो, जिंकून देईलच असं नाही. हा धडा पुढच्या प्रत्येक प्रयोगाला लागू पडतो.

लिव्हरपूलचा लढा संपला त्याच वर्षी लंडनमधून एरिक ली यांनी ‘लेबरस्टार्ट’ सुरू केलं. कामगार चळवळ आणि इंटरनेट या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९९६ सालीच आलं होतं. देशोदेशीचे स्वयंसेवक बातम्या टाकतात, अनेक भाषांत त्या निघतात आणि एखाद्या युनियननं मागणी केली की त्या कंपनीच्या किंवा सरकारच्या नावे हजारो ई-मेल पाठवण्याची मोहीम उघडली जाते. यातली मेख ‘युनियननं मागणी केली की’ या अटीत आहे. कोणीतरी तिसऱ्यानं परस्पर कळवळा दाखवायचा नाही, भांडणाऱ्यांनी स्वतः हाक द्यायची. टीकाकार याला बोटांनी केलेली क्रांती म्हणतात. ई-मेलचा फिल्टर लावला की कंपनीला काही दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण तुरुंगात टाकलेल्या कार्यकर्त्याचं नाव चार खंडांतून एकाच आठवड्यात येऊ लागलं की दूतावासांना उत्तर द्यावं लागतं, एवढं या मोहिमांनी साधलं आहे. लेबरस्टार्टनं २००९ मध्ये युनियनच्या लोकांसाठी वेगळं सोशल नेटवर्कही काढून पाहिलं, ‘युनियनबुक’. ते टिकलं नाही. कामगार आपल्या मेहुण्या-भावंडांना सोडून वेगळ्या ओसरीवर बसायला येत नाही, हे त्यातून कळलं.

आणि एक गंमत. २७ सप्टेंबर २००७ रोजी आयबीएमच्या इटलीतल्या कामगारांनी संप केला तो ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात. बोनस कापल्याचं कारण होतं. तीस देशांतले सुमारे १,८५० अवतार फलक घेऊन कंपनीच्या आभासी बेटावर जमले, त्यांत केळ्याच्या रूपातलेही होते. काही आठवड्यांत इटलीतल्या प्रमुखानं राजीनामा दिला आणि बोनस परत मिळाला. खऱ्या इटलीत आयबीएममध्ये युनियनचं बस्तान पक्कं होतं, हे विसरून नंतर पुष्कळांनी या प्रकाराची स्तुती केली.

आता शिकण्याकडे. कामगार शिक्षणाचं एक जुनं रोप स्वीडनमधलं आहे. १९०२ मध्ये ऑस्कर ओल्सन यांनी तिथे अभ्यासमंडळाची पद्धत सुरू केली. आठ-दहा जणांनी एकत्र बसायचं, एक पुस्तक मध्ये ठेवायचं, मास्तर नको. १९१२ मध्ये तिथल्या कामगार चळवळीनं ‘एबीएफ’ ही शिक्षणसंस्थाच काढली. १९४७ साली कामगार शिक्षणसंस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि त्यानं १९९७ च्या सुमारास स्वीडनची ही पद्धत इंटरनेटला जोडून पाहिली. वेगवेगळ्या देशांत एकेक मंडळ, सगळ्यांपुढे बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीचा एकच मजकूर, आपापल्या खोलीत चर्चा आणि निष्कर्ष एकमेकांना ई-मेलनं. खोली सुटली नाही, तिला खिडकी मिळाली. ही मांडणी आजच्या बहुतेक ऑनलाइन वर्गांपेक्षा शहाणी होती, असं म्हणायला हरकत नाही.

भारतात या बाजूला पायाभरणी झाली ती सरकारी. कामगार शिक्षणाचं केंद्रीय मंडळ १९५८ साली स्थापन झालं. त्याचं मुख्यालय नागपूरला, आता त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचं नाव आहे. त्याशिवाय मुंबईत मणिबेन कारा आणि गं. द. आंबेकर यांच्या नावानं युनियननी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. शिबिरं, पाठ, भेटी, टिपणवह्या, असा तो सगळा प्रकार. सीमेपार जाणं त्यांच्या कक्षेत फारसं नव्हतं.

सीमा ओलांडणारी शाळा निघाली ती २००४ मध्ये. जर्मनीतल्या कासेल आणि बर्लिनच्या संस्था, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनियन यांनी मिळून ‘ग्लोबल लेबर युनिव्हर्सिटी’ सुरू केली. इमारत नाही, कुलगुरू नाही. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं तिच्या शाखा होतात आणि युनियनचे कार्यकर्ते तिथे पदव्युत्तर अभ्यास करतात. जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ, ब्राझीलमधलं काम्पिनास, नंतर अमेरिकेतलं पेन स्टेट आणि मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था अशा त्या जागा. टाटा संस्थेच्या देवनारच्या वर्गात आफ्रिकेतला आणि आशियातला कार्यकर्ता शेजारी बसू लागला. पण विमानभाडं आणि वर्षाची रजा परवडणारे कितीसे? म्हणून २०१५ पासून तिनं सर्वांना खुले ऑनलाइन अभ्यासक्रम काढले. जागतिक अर्थव्यवस्थेत कामगारांचे हक्क, पुरवठा साखळीतलं काम, असे विषय. चित्रफिती, वाचन, प्रश्नपत्रिका, सारं विनाशुल्क.

अशा खुल्या अभ्यासक्रमांचा जगभरचा अनुभव सारखाच आहे: नाव नोंदवणारे हजारो, शेवटापर्यंत पोचणारे थोडे. एकटा माणूस रात्री अकराला मोबाइल उघडतो, चौथ्या आठवड्यात ओव्हरटाइम लागतो आणि प्रकरण संपतं. युनियनचं शिक्षण तर पदवीसाठी नसतंच. ते सोमवारी मॅनेजमेंटसमोर बसण्यासाठी असतं. जे शिकलं ते ज्यांच्याबरोबर वापरायचं, ते बरोबर नसतील तर शिकून काय?

हे नेमकं ओळखलं जेन मॅकअलेव्ही यांनी. अमेरिकेतल्या युनियनमध्ये संघटक म्हणून घडलेल्या मॅकअलेव्हींनी २०१९ मध्ये बर्लिनच्या रोझा लुक्झेंबुर्ग प्रतिष्ठानबरोबर एक ऑनलाइन वर्ग सुरू केला. नंतर कोविड आला आणि वर्ग फोफावला. शंभराहून अधिक देशांतले हजारो कार्यकर्ते त्यातून गेले. एकाच वेळी अनेक भाषांत दुभाषे बोलत असत. पण त्या वर्गाची खरी कळ तंत्रात नव्हती. तिथे एकट्याला प्रवेश नसे. युनियननं किमान दहा जणांचा गट पाठवायचा, हा नियम. गटाला गृहपाठ मिळे तो कामाच्या जागी करायचा: कामगारांची यादी करा, ज्याचं बाकीचे ऐकतात तो कोण ते शोधा, प्रत्येकाशी बोला, सहीचा अर्ज फिरवून किती जण खरंच तयार आहेत ते मोजा. पुढच्या आठवड्यात आकडे घेऊन या. ७ जुलै २०२४ ला मॅकअलेव्ही कर्करोगानं वारल्या. ऑनलाइन कामगार शिक्षणात गेल्या वीस वर्षांत जे काही करून झालं, त्यात हा प्रयोग सर्वांत पुढे गेला. पडदा लावला तो फक्त शिकवण्यासाठी. काम सगळं कॅन्टीनमध्ये, वॉर्डात आणि बसस्टॉपवर.

ज्यांच्याकडे कॅन्टीनही नाही, त्यांचं काय? इथे चित्र उलटं आहे. ॲपवर गाडी चालवणाऱ्यांचं कामच मोबाइलवर होतं, म्हणून त्यांची युनियनही मोबाइलवर जन्मली. ८ मे २०१९ ला, उबरचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात येण्याच्या दोन दिवस आधी, लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससह अनेक शहरांतल्या चालकांनी एकाच दिवशी ॲप बंद ठेवलं. जानेवारी २०२० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या थेम या गावी वीसहून अधिक देशांतले चालक जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय आघाडी काढली. भारतातला ॲपवाल्या चालकांचा महासंघ, आयफॅट, त्यात होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरचे चालक हे स्वतंत्र धंदेवाले नसून कामगार आहेत असा निकाल दिला. तो भारतात बंधनकारक नाही, पण युक्तिवाद कसा बांधावा याचा तो धडाच. राजस्थाननं २०२३ मध्ये आणि कर्नाटकानं २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले. जून २०२५ मध्ये जिनिव्हात श्रम संघटनेच्या परिषदेनं ठरवलं की या कामासाठी बंधनकारक करार आणि त्यासोबत शिफारस, अशी दोन्ही साधनं आणायची. दुसरी चर्चा २०२६ वर ठेवली गेली.

मात्र मोबाइलवर जन्मलेल्या युनियनला मोबाइलचीच भीती असते. २०२० मध्ये उघड झालं की ॲमेझॉनच्या एका विभागाकडून डिलिव्हरी चालकांच्या बंद फेसबुक गटांतल्या मजकुरावर नजर ठेवली जात होती. गटात शंभर माणसं असली की त्यांतला एक कोणाचा आहे, हे कळत नाही. पुण्यात आयटीच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या बहुतांशी समाजमाध्यमांच्या आधारानं, आणि नाव गुप्त ठेवा ही तिथे सभासदाची पहिली मागणी असते, ती याचसाठी.

सर्वांत अनपेक्षित उदाहरण पुण्याच्या कचरावेचकांचं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली निघाली. तिच्या बहुतेक सभासद दलित समाजातल्या बायका, पुष्कळ जणी शाळेत न गेलेल्या. जागतिक जाळ्यात शेवटी येतील असं कोणालाही वाटलं असतं, पण त्या पहिल्या रांगेत होत्या. २००८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटात जगभरच्या कचरावेचकांची पहिली परिषद झाली, २०१२ मध्ये पुण्यात त्यांची जागतिक बैठक भरली आणि मे २०२४ मध्ये ब्युनोस आयर्सला त्यांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचं पहिलं अधिवेशन झालं. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांत प्लास्टिक करारावर वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्या टेबलाभोवती कचरावेचकांचा आवाज पोचला. घरकामगारांनीही असाच रस्ता काढला. २००६ ला ॲमस्टरडॅममध्ये भेट, २०११ ला जिनिव्हात घरकामगारांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार, २०१३ ला माँटेव्हिडिओत महासंघ. महाराष्ट्राचा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा त्याआधीचा, २००८ चा. भारतानं मात्र २०११ च्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

या दोन्ही ठिकाणी ऑनलाइन बैठका आल्या त्या नंतर. आधी वस्ती, ओळखपत्र, दर महिन्याची वर्गणी, वर्षानुवर्षांची बैठक. ज्यांचं घरचं संघटन मजबूत होतं त्यांनाच जग उपयोगी पडलं, लिव्हरपूलच्या नेमकं उलट.

अडचणींची यादी लांब आहे, पण त्यांतल्या दोनच मुळाशी आहेत. पहिली भाषा. श्रम संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. जागतिक कामगार शिक्षणाचं बरंचसं साहित्य याच तीन भाषांत घडतं. चाकणच्या एखाद्या कारखान्यात जर्मन, कोरियन किंवा अमेरिकन कंपनीचा माल बनतो, तिथली युनियन मराठीत चालते, पण त्याच कंपनीच्या युरोपातल्या युनियनशी बोलायला एखादाच इंग्रजी येणारा पदाधिकारी पुढे होतो. म्हणजे १९२८ चंच चित्र, फक्त बोटीऐवजी झूम. दुसरी अडचण वेळ. जिनिव्हात उन्हाळ्यात दुपारी दोनला वर्ग सुरू होतो, तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतात. दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो, पहिल्या पाळीचा कंपनीच्या बसमध्ये नाहीतर घरी आडवा झालेला, आणि बाई कामगार चुलीपाशी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीही इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचं प्रमाण ५७ टक्के होतं आणि स्त्रियांचं ३३. ती दरी नंतर कमी झाली असेल, पण घरातला फोन संध्याकाळी कोणाच्या हातात असतो हे सांगायला पाहणी लागत नाही.

पैशाची सीमा तर इंटरनेटनं मुळीच पुसली नाही. १९२८ सारखी मदत आज आली तर युनियनला परकीय देणग्यांचा कायदा आड येतो. २०११ च्या नियमांनुसार राजकीय उद्दिष्टं असलेली कामगार संघटना ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवता येते आणि मग परदेशी निधीचं दार बंद. धडा सीमा ओलांडतो, धनादेश ओलांडत नाही. शिकण्याचं महत्त्व यामुळे वाढतंच.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर साहित्याची वाण नाही. नागपूरला मंडळ आहे, देवनारला संस्था आहे, खलाशांच्या मोठ्या युनियनची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यात कचरावेचकांचा तीस वर्षांचा अनुभव आहे. ही माणसं एका टेबलाशी बसून मराठीतून सहा आठवड्यांचा एक वर्ग काढू शकतात. त्यात कुठल्या कंपनीची तक्रार कुठल्या देशात करता येते, जहाजाचा करार कसा तपासायचा, ॲपनं आयडी बंद केला तर पुरावा कसा जपायचा, एवढं असलं तरी पुष्कळ. प्रवेश दहाच्या गटाला, एकट्याला नाही. तास रविवारी सकाळी.

आणि रविवारचं उरलंसुरलं फुकट घेऊन तरी किती दिवस चालवायचं? कामगाराला शिकण्यासाठी, त्यात युनियनच्या शिक्षणासाठीही, पगारी रजा मिळावी असा आंतरराष्ट्रीय करार १९७४ साली झालेला आहे. भारतानं तो स्वीकारलेला नाही. पण सरकारनं स्वीकारला नाही म्हणून कंपनीशी होणाऱ्या करारात तो मुद्दा मागता येत नाही, असं थोडंच आहे. पुढचं मागणीपत्र लिहिताना युनियननी वर्षाला पाच दिवसांची पगारी शिक्षण रजा त्यात घालावी आणि ती सोडून देण्याच्या मुद्द्यांत टाकू नये.